हरकत कुणाचीच नव्हती

टोपल्यांसाठी वाळुंजाचे फोक सोलायचे दिवस आले की लँगमिअर गावच्या बायका नदीच्या बांधाखाली जमत आणि मग गावात कुणाची अब्रू शिल्लक राहत नसे. मे महिन्याचं कोवळं ऊन. लोखंडी चिमट्यातून फोक सर्रकन ओढायचा, साल खाली आणि पांढरा फोक हातात. हातांना काम आणि तोंडांना मोकळीक. थर्झा हेंब्रो त्या सगळ्यांत चपळ. बाप टोपल्या विणणारा, आई लहानपणीच गेलेली. पोर बोलायला फटकळ होती आणि फटकळ माणसं असतात तशीच मनाला फार लावून घेणारी.

जेबेझ कर्ल तिच्यासाठी झुरतो हे त्या पाणथळ मुलखातल्या गुरांनाही ठाऊक होतं. दलदलीतली काळी माती कापायची, वाळवायची आणि चुलीत जाळायला म्हणून सपाट तळाच्या होडीतून गावोगाव पोचवायची, हा त्याचा धंदा. रविवारी प्रार्थना आटोपली की दोघं बांधावरून लांबवर चालत जात. तो फारसं बोलत नसे. ती दोघांच्या वाटचं बोले. असं कित्येक वर्षं चाललं, पण लग्नाचा शब्द त्यानं काढला नाही. एका खोलीचं घर, त्यात कडक आई. बायको आणून ठेवायची कुठं, या विचारानं त्याला झोप येत नसे. पण हे त्यानं थर्झाला कधी सांगितलं नाही. तिला कळत असेलच, असं तो धरून चालला.

त्या मे महिन्यात ॲन बूबीअर नावाच्या एका तोंडाळ बाईनं विषय काढला. "काय गं थर्झे, तुझा जेबेझ विचारणार कधी? दात पडल्यावर?"

जेबेझ तिथंच सोललेल्या फोकांच्या मोळ्या होडीत भरत होता. सगळ्या बायका त्याच्याकडे वळल्या. त्याचे कान लाल झाले. लाजाळू माणसानं चारचौघांत विनोद करू नये. त्यानं केला.

"घाई कसली? थर्झा कुठं पळून जातेय? तिला माझ्याशिवाय विचारणार तरी कोण?"

हशा पिकला. थर्झाही हसली. पण हातातला फोक तिनं असा ओढला की तो चिमट्यातच मोडला.

विचारणारा होता. नदीकाठच्या सखल शेतातला आयझॅक स्टकी. वयानं थोराड, बायको वारलेली, पदरात लेटी नावाची तान्ही पोर. ईस्टरच्या सुमारास त्यानं थर्झाच्या बापाकडे शब्द टाकला होता आणि थर्झानं तो हसण्यावारी नेला होता. त्या संध्याकाळी ती घरात शिरली आणि शाल काढायच्या आत म्हणाली, "स्टकींना होकार कळवा."

बाप टोपलीचं बूड बांधत होता. त्यानं मान वर केली नाही. "रागात आहेस. राग उतरला की बोलू."

"उतरलाय."

"पोरी, टोपलीचं बूड चुकलं तर उसवता येतं. हे नाही उसवता यायचं."

"कळवा म्हटलं ना, बाबा!"

म्हाताऱ्यानं कळवलं.

मग लग्नाआधीच्या रिवाजाप्रमाणे चर्चमध्ये लागोपाठ तीन रविवार पाद्रीबाबांनी दोघांची नावं वाचली. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा, असं ते दर खेपेला म्हणत आणि क्षणभर थांबत. पहिल्या रविवारी जेबेझ आलाच नाही. दुसऱ्या रविवारीही नाही. थर्झानं मनाशी म्हटलं, बघा, याला काय पडलंय! पण शेवटच्या रविवारी नावं वाचायच्या आधी मागचं दार करकरलं आणि ओल्या बुटांचा आवाज आला. तो आवाज तिनं हजारांत ओळखला असता. पाद्रीबाबा थांबले. तिच्या मानेवर जणू कुणी हात ठेवला होता. उठ रे, उठ, ती आतल्या आत म्हणत होती. नुसता उठ, पुढचं मी बघते.

मागं कुणी खोकलं. पाद्रीबाबांनी पान उलटलं. लग्न झालं.

स्टकी वाईट माणूस होता असं कुणी म्हणू नये. हात उगारला नाही, पिऊन आला नाही. कमी बोले, वेळेवर जेवे, गाय आजारी पडली तर गोठ्यात झोपे. थर्झा त्याला शेवटपर्यंत 'मालक' म्हणत राहिली. लेटीला तिनं पोटच्या पोरीसारखं वाढवलं; स्वतःचं मूल झालं नाही. हिवाळ्याच्या तोंडाला जेबेझ जळणाची होडी घेऊन अंगणाशी येई.

"बरं आहे ना?" तो विचारी.

"बरं आहे. तुझी आई?"

"आहे. खेकसते."

एवढंच. त्यानं लग्न केलं नाही. पुढं त्यानं घराला मागून एक खोली काढली. ती कुणासाठी, असं लोक आडून विचारत. तो म्हणे, "जळण ठेवायला."

मग तो वाईट हिवाळा आला. पाऊस थांबेना, पॅरेट नदी फुगत गेली आणि एका सकाळी स्टकीच्या शेताच्या वरच्या अंगाला बांध फुटला. बघता बघता पाणी अंगणात, मग ओसरीत, मग जिन्याच्या पायऱ्यांवर. थर्झा लेटीला घेऊन माडीवर चढली. स्टकी गोठ्यातून हटेना. गाई उंचावरच्या गंजीघरात चढवल्याशिवाय मी येत नाही, असं तो खालून ओरडत होता.

दुपारी खिडकीखाली होडी लागली. होडीत जेबेझ होता.

"पोरीला आधी दे. मग तू ये. पाय मधोमध टाक."

"आणि मालक?"

"आधी बायकांना न्या म्हणतोय. दुसऱ्या खेपेला आणतो त्याला."

लेटीला पोत्यांत गुंडाळून होडी चर्चच्या टेकडीकडे निघाली. कुंपणांची टोकं तेवढी पाण्यावर दिसत होती. थर्झानं त्याच्याकडे इतक्या जवळून कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. केस विरळ झाले होते. हातांना तीच काळी माती, धुऊनही न जाणारी. बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण तोंडून गेलंच.

"त्या रविवारी आला होतास, तर उठला का नाहीस?"

होडी रेटायची लांब काठी पाण्यात तशीच राहिली. होडी हळूहळू आडवी झाली.

"तू मागं वळून बघशील म्हणून थांबलो होतो. एकदा बघितलं असतंस तर उठलो असतो. म्हटलं, बघत नाही म्हणजे हिला तोच हवाय."

"आणि मी तू उठायची वाट बघत होते, मुडद्या."

तो हसला. मग त्याचं हसू गेलं. "गाढवंच आपण, थर्झे," तो म्हणाला आणि त्यानं होडी सरळ केली.

टेकडीला लागल्यावर लेटीला लोकांनी उचलून घेतलं. थर्झा काठावर उभी राहिली. पाण्याला आता ओढ लागली होती. फाटकं, मेंढ्या, उन्मळलेली झाडं वाहत येत होती. जाऊ नकोस, हे शब्द तिच्या ओठांवर होते. पण ते म्हणायचे म्हणजे मालकाला बुडू दे म्हणायचं. आणि आत्ताच जे ऐकलं त्यानंतर ती असं म्हणाली असती, तर ते कशासाठी म्हणाली हे तिला स्वतःला कायमचं कळलं असतं.

जेबेझ तिच्या तोंडाकडे बघत होता. या वेळी तो खरोखर विचारत होता. "जाऊ?"

"जा," थर्झा म्हणाली. "म्हातारा एकटा आहे तिथं."

तो गेला.

स्टकीला त्यानं गंजीघरातून होडीत घेतलं, पण सफरचंदाच्या बागेपाशी एक आख्खं झाड वाहत येऊन होडीवर आदळलं. जेबेझनं म्हाताऱ्याला खालून रेटून बागेतल्या एका उभ्या झाडाच्या फांदीवर चढवलं. स्वतः चढायला गेला तेव्हा धरायला काही उरलं नव्हतं. स्टकीला लोकांनी अंधार पडायच्या आत उतरवलं. गारठलेल्या दातांनी त्यानं बायकोला पहिली गोष्ट हीच सांगितली, "त्यानं मला वर ढकललं गं. आधी मला."

पाणी ओसरल्यावर जेबेझ एका काटेरी कुंपणात सापडला.

दफनाला सगळं गाव आलं. थर्झा नवऱ्याच्या मागं उभी होती आणि गाव तिच्याकडे बघत होतं. जेबेझची आई जवळ आली. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"तू रडू नकोस," ती हळू आवाजात म्हणाली. "रडायचं तर आधी यायचं होतंस माझ्या घरात. त्यानं खोली बांधली होती तुझ्यासाठी. तुझं लग्न झाल्यावर बांधली, येड्यानं."

थर्झा रडली नाही. घरी येऊन तिनं गाळानं भरलेली चूल साफ केली.

त्यानंतर ती दर आठवड्याला म्हातारीकडे पाव आणि लोणी घेऊन जाई. पहिलं वर्षभर दार उघडलं नाही. पाव पायरीवर ठेवून ती परते. मग एकदा दार उघडलं आणि म्हातारी म्हणाली, "लोणी खारट असतं तुझं." पुढं म्हातारीचं शेवटचं दुखणंही तिनंच काढलं. मागच्या खोलीत मात्र ती कधी गेली नाही. दार लोटलेलंच असे आणि ती त्याच्याकडे पाठ करून बसे.

स्टकी खूप वर्षं जगला. उतारवयात अंथरुणाला खिळला तेव्हा ती त्याला भरवी, कूस बदलून देई. लेटी लग्न होऊन ब्रिजवॉटरला गेली होती; घरात दोघंच. एका दुपारी भरवताना त्यानं तिचं मनगट धरलं.

"थर्झा, एक विचारू? तो पोरगा, जेबेझ, त्या पुरात मला न्यायला आला नसता, तर तुला बरं वाटलं असतं?"

तिनं चमचा वाटीत ठेवला. नाही, असं म्हणायला किती वेळ लागतो! म्हातारा वाट बघत राहिला, आणि ती खिडकीतून बागेकडे बघत राहिली.

"त्याला पाठवलं मीच, मालक," ती शेवटी म्हणाली.

त्यानं मनगट सोडलं. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्यानं होडीत सांगितलं होतं मला. थर्झानं पाठवलंय म्हणाला. खूश होता."

मग तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि ती वाटी धरून तशीच बसून राहिली.