सत्तावीस जिवंत कैलासवासी

सांगलीत माझी नोकरी टिकली ती आमच्या स्टोरेजवरच्या सुभेदार आप्पांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं त्यात चूक माझी आहे, आणि स्वतःची चूक सांगायला लागलो की मी इतका घाबरतो की उपकार करणारा माणूस राहूनच जातो. आप्पा कुंडलचे. फौजेतून आल्यावर इथं बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर सुपरवायझर झाले. मी भंडाऱ्याकडचा, सातवीत शाळा सोडलेला. एका ठेकेदाराबरोबर इकडे आलो. ठेकेदार परत गेला, मी राहिलो. दर दोन वाक्यांमागे 'काहून जी?', म्हणजे 'का हो?', असं विचारायचो, म्हणून माझं नावच 'काहून' पडलं.

"ए काहून, टेम्पो आलाय, ऊठ रं!"

माझं काम गेटवर. शेतकऱ्याचा माल आला की त्याचं नाव, गाव आणि माल कुठल्या खोलीत ठेवला ते कॉम्प्युटरवर टाकायचं. कॉम्प्युटर जुना होता. माल खोक्यात आहे की प्लास्टिकच्या कॅरेटमध्ये, हे लिहायला त्यात जागाच नव्हती. खाली हमाल विचारत, "खोकं का क्यारेट?" आणि मला ते सांगता यायचं नाही. म्हणून कॅरेटवाल्यांच्या नावाआधी मी एक छोटी खूण टाकायला लागलो. माझ्या अकलेचा मला तेव्हा बराच अभिमान होता.

मालकांची साताऱ्यालाही शाखा आहे. तिथलं सॉफ्टवेअर वेगळं, आमचं वेगळं. दोन्ही बंद करून एकच नवीन आणायचं ठरलं, आणि त्याची योजना करायला पुण्याहून एक मॅडम आल्या. त्या आधी साताऱ्याला महिनाभर बसल्या, मग आमच्याकडे. त्यांनी ऑफिसच्या भिंतीवर भलामोठा कागद लावला. डावीकडे आज काय आहे, उजवीकडे उद्या काय असेल, मध्ये टप्पे. त्यावर रंगीत चिठ्ठ्या. हिरवी म्हणजे राहणार, पिवळी म्हणजे नवीन जागी जाणार, लाल म्हणजे बंद.

चहा द्यायच्या निमित्तानं मी आत गेलो आणि लाल चिठ्ठी वाचली. 'सांगली गेट नोंद.' म्हणजे मीच की! चहा तसाच परत घेऊन बाहेर आलो.

दोन दिवस जेवण गेलं नाही. घरी आईला फोनवर सांगितलं, तब्येत बरी आहे. आप्पांना मात्र कळलं.

"काय रं काहून, त्वांड का उतरलंय?"

"आप्पा, भिंतीवर मला लाल केलंय जी."

आप्पा जाऊन चिठ्ठी वाचून आले. "आरं, कॉम्प्युटर बंद करत्यात, तुला न्हाई. तुला बंद करायला चिठ्ठी कशाला लागती? एक शिवी पुरं हाय."

याचा धीर वाटायला हवा होता. वाटला नाही. मला भीती वाटायला कारण लागत नाही. कारण मिळालं तर मी ते वर्षभर पुरवून वापरतो.

मग मोठी मीटिंग झाली. आप्पांनी मला हाताला धरून मागच्या खुर्चीवर बसवलं. "गेटवरचं गेटवाल्याला म्हाईत," एवढंच म्हणाले. मॅनेजरसाहेबांचं म्हणणं होतं, एका रविवारी जुनं बंद, सोमवारी नवीन चालू, विषय संपला. मॅडम काही बोलणार तेवढ्यात आप्पा उभे राहिले.

"साहेब, वर डोंगरात चौकी बदलत्यात तवा जुनी तुकडी आधी उतरत न्हाई. नवी येती. दोनी तुकड्या चार दिस संगं ऱ्हात्यात. कुठनं गोळी येती, कुठं बर्फ भुसभुशीत हाय, समदं दावून मग जुनी खाली येती. नायतर नवी पोरं पयल्या दिशीच खड्ड्यात."

"इथं गोळी कोण मारणार आहे, सुभेदार?"

"शेतकरी," आप्पा म्हणाले. "त्येचा माल सापडंना झाला म्हंजी बघा."

मॅडमनी वहीत काहीतरी भराभर लिहून घेतलं. जुना आणि नवीन, दोन्ही कॉम्प्युटर काही दिवस एकत्र चालवायचे, आणि आधी एकच गाव नवीनवर न्यायचं, असं ठरलं. कुठलं गाव?

"माझंच घ्या," आप्पा म्हणाले. "शिव्या पडल्या तर वळखीच्या माणसाच्या पडतील."

कुंडलची नावं नवीन सॉफ्टवेअरमध्ये गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला गेटवर पहिली मोटारसायकल आली. एक जैन आण्णा, द्राक्षांचे जुने बागायतदार, टोपी सरळ करत उतरले आणि मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. नवीन सॉफ्टवेअरनं रात्री आपोआप पाठवलेला मेसेज होता: 'आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. आपल्या मालासाठी वारसांनी मृत्यूच्या दाखल्यासह यावे.'

"आता ह्यो दाखला आणाय मीच जाऊ का पोराला धाडू?" आण्णांनी शांतपणे विचारलं.

मागोमाग आणखी आले. एकाच्या सासूनं मेसेज वाचून चुलीवरचा तवा उतरवला होता. एकाच्या भावकीतले दोघे पांढऱ्या टोप्या घालून दारात येऊन बसले होते, आणि हा गोठ्यातून हातात बादली घेऊन बाहेर आला तेव्हा त्यातला एकजण म्हणाला, "आता आलोय तर च्या तर टाका." एकजण ओरडत होता, "बाराव्याचं जेवाण स्टोरेजवालं घालणार काय?" त्याच्या मागचा त्याहून मोठ्यानं, "आरं, मेलो तर मेलो! माझा बेदाणा कुटं हाय त्ये सांगा!"

मोजले तर सत्तावीस. सगळे ठणठणीत.

आण्णांना घेऊन मी ऑफिसात गेलो. तिथं मॅडम यादी घेऊन बसल्या होत्या. "या सगळ्यांच्या नावाआधी 'कै.' आहे," त्या म्हणाल्या. "साताऱ्याच्या शाखेत वारलेल्या खातेदारांना 'कै.' लावतात. आम्ही तोच नियम इथं लावला."

"इथं 'कै.' कुणी लावलं?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"मी जी," म्हणालो. "कैरेटचं कै."

आता आमच्याकडे, तिकडे भंडाऱ्याला, हिंदीच्या शेजारामुळे आम्ही कैरेटच म्हणतो आणि तसंच लिहितो. इकडे क्यारेट म्हणतात आणि कॅरेट लिहितात. एवढ्या एका मात्रेच्या फरकानं मी निम्मं कुंडल स्वर्गात पाठवलं होतं. साहेब टेबलावर पेन आपटत माझ्याकडे बघत होते. मी मनात कपड्यांची बॅग भरायला घेतली होती.

"साहेब," आप्पा दारातून म्हणाले, "सात वर्सं ह्यो रोज 'कै.' लिवतोय. आपुन रोज वाचतोय. एकानं तरी इचारलं का, बाबा ह्ये काय? म्याबी न्हाई इचारलं. मला वाटायचं कुंडलात लयच माणसं मराय लागल्यात."

आधी मॅडम हसल्या. मग आण्णा. शेवटी साहेबांच्या मिशा हलल्या.

"जुना कॉम्प्युटर चालू हाय," आप्पा पुढे म्हणाले. "माल जागच्या जागी सापडतोय. एकच गाव मेलंय. त्येच्यासाठीच तर एक गाव आधी पाठवलं हुतं."

मॅडमनी खुर्ची माझ्याकडे ओढली. "अशा अजून किती खुणा आहेत हो?"

होत्या. नावापुढे टिंब म्हणजे माल वरच्या थरात ठेवू नका, म्हाताऱ्याला स्वतः येऊन बघायची सवय आहे. 'पु.' म्हणजे पुतण्याला न विचारता सोडू नका. दोन स्वल्पविराम म्हणजे दोघा भावांचं पटत नाही. मॅडम तीन दिवस माझ्यासमोर बसून लिहीत होत्या, आणि मी त्यांना अहोजाहो करत सांगत होतो, अधूनमधून पाणी पीत. चौथ्या दिवशी बाकीची गावं हलली. कुणी मेलं नाही. भिंतीवर एक हिरवी चिठ्ठी वाढली: 'सांगलीच्या खुणा: गेटवर विचारा.'

गेटवर अजून मीच आहे. सत्तावीस जणांपैकी निम्मे मला अजून 'यमदूत' म्हणतात, पण माल माझ्याच हातानं उतरवून घेतात.

आप्पा गुडघ्यांमुळे काम सोडून घरी बसलेत. परवा कुंडलला जाऊन भेटलो. नेलेली बेदाण्याची पिशवी द्यायला गेलो तर म्हणाले, "ठेव ती पिशवी तुझ्या आयला." अख्खा देश फिरलेला माणूस, पण भंडारा त्यांनी पाहिलेला नाही. तेव्हाच मनात धरलंय. एका उन्हाळ्यात कोल्हापूर-गोंदिया गाडीची खालची बर्थ काढीन, त्यांच्या गुडघ्यांना उशी लावून त्यांना माझ्या घरी नेईन, आणि आईला सांगीन, तुझ्या पोराला इतक्या लांब ज्यांनी सांभाळलं ते हे. त्यांना आधी वाढ.