पक्षी धरायला शिकवणारा

बाळांनो, तुम्ही माझ्याकडे सोडून गेलेल्या दोन लव्हबर्डांपैकी निळा आता राहिला नाही. ते सांगायचं तर एका माणसाबद्दल सांगावं लागेल.

बोरगाव मेघेजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात तो मलमपट्टी करतो आणि शिकाऊ डॉक्टरांना पक्षी हाताळायला शिकवतो. दर दोन महिन्यांनी माझी तिथे खेप होते. पक्ष्याला शिवण्याआधी तो तळवे चोळून गरम करतो. पक्ष्यांना ‘अहो’ म्हणतो आणि डॉक्टर पोरांना ‘काय बे’.

“छाती दाबू नको बे,” हे त्याचं पालुपद. “छाती हालली नाई तं पाखराले श्वासच घेता येत नाई.”

परवा दोघांच्या चोची वाढल्या म्हणून मी त्यांना नेलं. एका शिकाऊ मुलीने निळ्याला उचललं. तो फडफडला, तशी तिने घाबरून मूठ आवळली. क्षणात त्याची मान कलंडली.

मुलगी रडू लागली.

“माह्या हातून गेला, आजी,” तो मला म्हणाला. मी समोरच उभी होते, हे त्याला ठाऊक होतं.

मग त्याने हिरव्याचा पिंजरा तिच्यापुढे सरकवला. “आता याले धर, बेटा. आज नाई धरला तं जिंदगीत नाई धरत तू.” आणि परवानगीसाठी माझ्याकडे पाहिलं.

मला ‘नाही’ म्हणायचं होतं. “धर,” मी म्हणाले.

दुसऱ्या शिकाऊ पोराने चोच कापून होईपर्यंत तिने हिरव्याला सैल, नीट धरलं. तिचा शिक्षक मात्र हात पाठीमागे घेऊन उभा होता. मी त्याच्या मागे होते, म्हणून मला दिसलं. पक्ष्याला शिवण्याआधी चोळतो, तसे तो तळवे चोळत होता.