हेमराजच्या दारात बसलेलं कुत्रं

हेमराज टेंभरेची बायको शालू माझ्यासमोर बसली होती आणि मी तिला समजावत होते, की नुसत्या कुत्र्याच्या सांगण्यावरून कोणाला शिक्षा होत नाही. भिलाईच्या सेक्टर ६ मध्ये वडिलांनी लीजवर घेतलेल्या क्वार्टरची पुढची खोली म्हणजे माझं ऑफिस. दुर्ग कोर्टात मी क्रिमिनल केसेस बघते. शालू खुर्चीच्या कडेवर टेकली होती. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "मॅडम, पन ते आमच्याच दारात कावून बसलं?"

घडलं ते असं. हथखोजच्या औद्योगिक भागात कास्टिंगचं एक छोटं वर्कशॉप आहे. तिथल्या वॉचमनला रात्री कोणीतरी रॉड घालून मारलं आणि तांब्याची केबल नेली. प्रेताजवळ कामाचा एक हातमोजा पडला होता, वर्कशॉपमध्ये सगळे ज्याला ग्लोव्ह म्हणतात तो. सकाळी डॉग स्क्वॉड आलं. कुत्र्यानं ग्लोव्ह हुंगला, शेडमधून बाहेर पडलं, मागच्या वस्तीत शिरलं आणि हेमराजच्या दारात बसलं. हेमराज त्याच वर्कशॉपमध्ये ठेकेदाराकडे कामाला. गोंदियाकडचा माणूस, आधी शेती, मग भिलाई. पोलिसांनी घराची झडती घेतली. केबल सोडा, तांब्याचा तुकडाही मिळाला नाही. तरी त्याला उचललं.

इथे कायदा काय म्हणतो ते सांगते. कुत्र्यानं दार दाखवलं तर पोलिसांना तपासाची दिशा मिळते. ते झडती घेऊ शकतात, त्यात गैर काही नाही. झडतीत चोरीचा माल सापडला तर तो माल पुरावा. पण नुसतं कुत्रं बसलं, हा फार लेचापेचा पुरावा असतो. वरच्या कोर्टांनी हे परत परत सांगितलंय. कारण साधं आहे. कुत्र्याला शपथ देता येत नाही आणि उलटतपासणीत त्याला प्रश्न विचारता येत नाही. त्याला काय कळलं, हे आपल्याला त्याचा हँडलर सांगतो, म्हणजे त्याला फिरवणारा पोलीस.

जेलमध्ये हेमराजला विचारलं, ग्लोव्ह तुझा होता का?

"ग्लोव्ह कोनाचाच नसते, मॅडम," तो म्हणाला. "शिफ्ट सुटली का तारेवर वाळत घालतो. दुसऱ्या शिफ्टचा मानूस हातात येईल तो घालते. मालक नवे देऊनच नाही राहिला."

म्हणजे एकाच ग्लोव्हात दहा जणांचा घाम. माझ्या दृष्टीनं केस तिथेच संपली होती. पण मला पटून उपयोग काय? खुनाची केस म्हणून सेशन्सनं जामीन नाकारला, बिलासपूरला हायकोर्टानंही नाकारला. हेमराजच्या दोन दिवाळ्या आत गेल्या. त्या काळात शालूनं घरोघरी भांडी घासली, तीही दूरच्या सेक्टरमध्ये, कारण वस्तीजवळ तिला कोणी काम देत नव्हतं. मला या सगळ्याचा मनस्वी राग येत होता आणि तो काढायला जागा नव्हती.

ट्रायल सुरू झाली. सरकारी पक्षानं वर्कशॉपच्या सुपरवायझरला साक्षीला आणलं. मी त्याला तारेबद्दल विचारलं. तो शांतपणे म्हणाला, कसली तार? आमच्याकडे प्रत्येकाला स्वतःची जोडी मिळते. नवे ग्लोव्ह देत नाही हे लेबर डिपार्टमेंटला कळेल, या भीतीनं मालकानं त्याला पढवून पाठवलं होतं, हे उघड होतं. पण उघड दिसतं म्हणून कोर्टात सिद्ध होत नाही. बरोबरचे कामगार साक्षीला यायला तयार नव्हते, त्यांनाही नोकरी होतीच. हेमराज पिंजऱ्यातून माझ्याकडे बघत होता. मी कागदात डोकं खुपसलं.

मग हँडलर आला. वयस्क हवालदार, छत्तीसगढी माणूस. आपल्या कुत्र्याचा त्याला अभिमान होता. सरकारी वकिलांना त्यानं छान सांगितलं, कुत्रं कसं निघालं, कुठे बसलं. माझी पाळी आली तेव्हा मी एकच धरून बसले, की वासावर सोडल्यावर कुत्रं आधी कुठे गेलं? पंचनाम्यात ते थेट वस्तीत गेल्याचं लिहिलं होतं. हवालदार म्हणाला, "पहले तो शेड में ही घूमा मॅडम. तार के पास. वहाँ बहुत देर लगाया."

"तारेवर काय होतं?"

"ग्लोव्ह थे. बहुत सारे. पसीने से गीले."

सरकारी वकील उठले. म्हणाले, आधी म्हणायचं कुत्र्याची साक्ष कच्ची आणि आता त्याच कुत्र्याचा आधार घ्यायचा? मी म्हटलं, कुत्र्याला मी काहीच विचारलं नाही, तारेवर काय होतं ते माणसाला विचारलं. जज किंचित हसले. त्या केसमध्ये कोणी हसलं ते तेवढंच.

मग हवालदाराला शेवटचा प्रश्न विचारला. कुत्र्यानं दार दाखवलं म्हणजे खुनी दाखवला का? तो म्हणाला, "कुत्ता खूनी को नहीं जानता, मॅडम. गंध को जानता है."

हेमराज सुटला. संशयाचा फायदा देऊन. याचा अर्थ, यानं केलं नाही असं कोर्ट म्हणत नाही, यानं केलं हे सिद्ध झालं नाही एवढंच म्हणतं. बाहेर व्हरांड्यात वॉचमनची बायको उभी होती. प्रत्येक तारखेला येऊन मागच्या बाकावर बसायची. तिनं मला अडवलं नाही, रागही केला नाही. फक्त विचारलं, "त मोर आदमी ला कोन मारिस?" माझ्या माणसाला मग मारलं कोणी? कुत्रं हेमराजच्या दाराशी थांबलं, तसा तपासही तिथेच थांबला होता. दुसऱ्या कोणाला पोलिसांनी कधी शोधलंच नाही. मी मान खाली घालून निघून आले.

काही आठवड्यांनी हेमराज माझ्याकडे आला. ठेकेदारानं गेट पास द्यायला नकार दिला होता. पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये खुनाची केस दिसते म्हणे. घरमालकानं खोली सोडायला सांगितली होती. शेजारी शालूला नळावर पाणी भरू देत नव्हते. मी म्हटलं, निकालाची नक्कल काढून देते, सगळ्यांना दाखव.

"तुमचा निकाल वाचाले कोनी नाही आलं, मॅडम. कुत्रं पाहाले पुरी वस्ती आली होती."

त्याच महिन्यात ती दोघं भिलाई सोडून गेली. कुठे, ते मला कळवलं नाही. त्यानंतरही कुत्र्याच्या केसेस माझ्याकडे आल्या, आणि त्यातले आरोपी बहुतेक सुटतात, कायदा आपल्या बाजूनं आहे. पण हल्ली जामिनाचा अर्ज लिहायला घेण्याआधी मी घरच्यांना एक विचारून ठेवते, की दुसरीकडे राहायची काही सोय आहे का.