हळद लागलेलं मशीन

समोरच्या घरातल्या सुलभाताई दारात बसून शिलाई मशीनवरची हळद पुसत होत्या. ओल्या फडक्याने पुसून झालं, रॉकेलने पुसून झालं. डाग नुसता पसरत होता.

मशीन त्यांनी मोबाइलवरच्या लिलावात घेतलं होतं. घरात जागा हवी म्हणून पायाने चालवायचं जुनं मशीन आधीच भंगारात दिलं होतं. खोकं उघडल्यावर त्यांनी आपल्याकडे कुणीही करील तेच केलं. हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि मग बटण दाबलं. मशीन चाललंच नाही.

लिलावाच्या संकेतस्थळावर ‘खरेदीदार संरक्षण’ असं लिहिलेलं आहे आणि शेजारी ढालीचं चित्र आहे. ढाल कुणाच्या हातात आहे, ते चित्रात दिसत नाही. तक्रार मीच मशीनचा फोटो जोडून लिहून दिली होती. उत्तर आलं, फोटोत डाग दिसतात, म्हणजे वस्तू वापरलेली आहे. परत घेता येणार नाही. आधी विश्वास ठेवून मागाहून तपासणाऱ्या माणसांसाठी कुणी नियम लिहीत नाही.

“पुन्हा लिहा ना, भाऊ,” सुलभाताई म्हणाल्या. “मशीन आलं तेव्हापासूनच डाग होता म्हणा.”

“खोटं लिहू?”

“खरं लिहून काय झालं, ते बघितलंत की.”

मी लिहिलं. एका वस्तूसाठी एकच तक्रार करता येते, असं उत्तर लगेच आलं.

त्यांनी फडकं खाली ठेवलं. आत जाऊन गिऱ्हाइकांची न शिवलेली ब्लाउजपिसं काढली आणि एकेकीच्या नावाची चिठ्ठी टाचून परत द्यायला बांधू लागल्या.