रतनसिंगच्या दोरातली ढिली जागा

सकाळी साडेपाचला रतनसिंग बसची काच पुसायचा, तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नसे. डोळे तांबारलेले, जांभई अर्धी गिळलेली. वय बेचाळीस, पण कुणीही पन्नाशीचा म्हणेल. मी तरी काय वेगळा दिसत होतो म्हणा! शाळेच्या त्या पिवळ्या बसमध्ये सहा वर्षं मी त्याच्या शेजारच्या सीटवर बसत होतो. बसमध्ये एक शिक्षक पाहिजेच असा संस्थेचा नियम, आणि रतनसिंगच्या तांड्याला लागून असलेल्या गावात राहणारा मास्तर मी एकटाच. म्हणून ती ड्युटी माझ्या गळ्यात पडली. रोज बावीस लेकरं औंढ्याला शाळेत न्यायची आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत करायची. दिवसभर मी वर्गात आणि ऑनलाइन माहिती भरण्यात पिचायचो, तो गेटवर, पाण्याच्या टाकीवर आणि हेडसरांच्या सतराशे साठ कामांत.

एवढं दमल्यावर माणूस आडवा पडला की घोरायला लागावा. रतनसिंगची झोपच उडाली होती. त्याला कारण बैल. दोन वर्षांपूर्वी त्यानं घरची लालकंधारी जोडी विकली. तो बसवर, बाप थकलेला, बैलांकडे बघायला माणूस नाही. विकली त्या दिवशी रडला नाही, पण मोबाईलवर बैल बघायला लागला. कुणाचा गोऱ्हा, कुठला बाजार, कुणाच्या जोडीनं किती माती ओढली! अंथरुणात पडल्या पडल्या अंगठा चालू तो दोन वाजेपर्यंत.

पोळा आठ दिवसांवर आला होता तेव्हाची गोष्ट. कॅनॉलच्या पुलाच्या अलीकडे बस सावकाश डावीकडे सरकायला लागली. आधी मला वाटलं, खड्डा चुकवतोय. मग डावं चाक कच्च्या पट्टीवर उतरलं, खाली पाणी दिसलं आणि मी ओरडलो, "रतनसिंग!" त्यानं कच्चकन ब्रेक मारला. मागं दप्तरं पडली, लेकरं खिदळली. त्यांना मजा वाटली.

"कुत्रं आडवं आलं, सर," तो म्हणाला.

रस्ता रिकामा होता. मी समोरच बघत होतो.

दुपारपर्यंत, कॅनॉलकडच्या शेतातून बस घसरताना बघितलेल्या कुठल्या तरी आईचा फोन शाळेत गेला. आमचे हेडसर अमृतराव यांनी मला बोलावलं. "काय झालं हो सकाळी?"

"काही नाही, सर. कुत्रं आडवं आलं," मी म्हणालो. एवढ्या सहज म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. त्याची नोकरी जाऊ नये हे खरं होतं. पण चौकशी, जबाब, पालकसभा हा व्याप नको होता, हेही तितकंच खरं.

संध्याकाळी मात्र डोकं फिरलं. सहा वर्षं ज्याच्या भरवशावर मी लेकरं बसवली, त्यानं आज ती कॅनॉलात घातली असती. जेवण उरकून मी तडक तांड्यावर गेलो. रतनसिंग ओट्यावर बसला होता. शेजारी त्याचा बाप किसनसिंग अंबाडीच्या वाखाचे धागे पिळून दोर वळत होता. दारात बैल नसले तरी म्हातारा दर पोळ्याला नवे दोर वळायचाच.

मी तोंड उघडायच्या आत मिराबाई, रतनसिंगची बायको, बाहेर आली. "बरं झालं आलात, सर. रातच्याला दोन-दोन वाजेस्तोर बैल बघून राहिले. घरातले इकले, अन् आता मोबाईलातले राखून राहिले!" तिनं त्याच्या हातातून मोबाईल काढून घेतला आणि आत जाऊन ज्वारीच्या कोठीत खुपसला.

किसनसिंगनं वाखाची जुडी लेकापुढं टाकली. "घे. हात मोकळा ऱ्हायला की त्या डबड्याकडं जातो. हाताला काम दे, झोप आपसूक यील."

"दिवसभर स्टेअरिंग धरून हात गेले, बा. अन् आता हे?"

"हे येगळं. याच्यात कुणाला कुठं पोचवायचं न्हाई."

रतनसिंगनं कुरकुरत दोन पेड घेतले, टोक पायाच्या अंगठ्यात अडकवलं आणि मांडीवर पीळ देत वळू लागला. हाताला ती सवय लहानपणापासूनची. माझा रागही हळूहळू उतरला. काय बोलायचं होतं ते राहूनच गेलं आणि आम्ही पावसावर, हळदीच्या भावावर, शाळेतल्या नव्या बाईंवर बोलत बसलो. तासाभरात तीन-चार हात दोर झाला.

म्हाताऱ्यानं तो ओढून घेतला, एका टोकापासून त्यावर अंगठा फिरवत नेला आणि मधेच थांबला. तिथं पीळ सुटला होता. वीतभर दोर नुसता झिंज्यांसारखा.

"हितं झोपला व्हतास."

"काहीतरीच, बा. डोळे उघडे व्हते माझे. सरांसंगं बोलून राहिलो होतो की!"

"व्हय. डोळे उघडेच व्हते. बोलतबी व्हतास. हात तेवढा झोपला."

रतनसिंगनं दोर घेतला. त्या वीतभर जागेवर स्वतःचा अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. मग माझ्याकडे बघितलं. ते तोंड मला अजून आठवतं. खूप घाबरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बस वेळेवर आली, पण चालवायला दगडोबा. तो संस्थेचा बदली ड्रायव्हर. रतनसिंग शेवटच्या बाकावर लेकरांमध्ये बसला होता, खिशातून दोराचं टोक बाहेर आलेलं. शाळेत उतरल्यावर तो थेट हेडसरांच्या खोलीत गेला. मी मागोमाग.

"साहेब, काल कुत्रं न्हवतं. मला डुलकी लागलती. लेकरं थोडक्यात वाचली. आता मी बस न्हाई चालवत, नीट झोप यील तवर. ठिवायचं तर ठिवा, न्हाई तर राहू द्या."

हेडसर माझ्याकडे वळले. "पण सर, तुम्ही तर म्हणाला होता..."

रतनसिंगच बोलला. "सरांनी बघितलं न्हवतं, साहेब. ते वह्या तपासून राहिले होते. मी सांगितलं तेच त्यांनी सांगितलं."

हेडसरांनी त्याला नुसतं गेटवर ठेवलं, पुढचं पुढं बघू म्हणाले. स्वतःबद्दल खरं बोलायला आलेला माणूस माझ्यासाठी खोटं बोलून गेला होता. दिवसभर शिकवताना मला लेकरांकडे बघता आलं नाही.

संध्याकाळी पुन्हा तांड्यावर गेलो. दारात रोज रात्री बस उभी असायची, ती जागा मोकळी होती. रतनसिंग ओट्यावरच्या बाजेवर तोंड उघडं टाकून घोरत होता. बाजेखाली नवा दोर, निम्मा वळलेला.

"वळता वळताच लवंडले," मिराबाई म्हणाली. "उठवू का?"

"नको, नको. झोपू द्या."

म्हाताऱ्यानं न विचारता माझ्यापुढं वाख सरकवला. मीही अंगठ्यात टोक अडकवलं. हातभर झाल्यावर त्यानं अंगठा फिरवला. "सगळाच ढिला हाय, सर. उलगडा."

"पहिल्यांदाच वळतोय, बापू."

"व्हय. पण उलगडा."

मिराबाईनं माझ्यापुढं तळहात धरला. "तुमचाबी मोबाईल द्या इकडं."

"एक फोन करतो, मग देतो," मी म्हणालो आणि हेडसरांना लावला. "सर, काल सकाळी मी वह्या तपासत नव्हतो. समोरच बघत होतो. कुत्रं नव्हतं, हे मला तेव्हाच माहीत होतं."

ते एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी या."

मिराबाईनं मोबाईल ज्वारीत खुपसला, आणि मी दोर उलगडून पुन्हा पहिल्यापासून वळायला घेतला.