कोपऱ्यातला पिवळा दिवा

सून पुण्याची. आमच्या गावी, विंझरला आल्या आल्या तिनं मोबाईलवर फेंगशुई बघून आमचं घर उलटंपालटं केलं. झोपताना दाराकडं पाय नकोत म्हणून ह्यांची कॉट आतल्या खोलीत नेली. ट्यूबलाइट बंद केली आणि कॉटच्या रिकाम्या जागी, खाली जमिनीवर, एक मंद पिवळा दिवा लावला. "आई, आता कसं उबदार वाटतंय!" मला बरं वाटत होतं की जीव घाबरत होता, काही कळेना.

दिवेलागणीला शेजारीण दारात आली. तिनं दिवा बघितला, डोक्यावर पदर ओढला आणि माघारी गेली. थोड्या वेळानं आणखी दोघींना घेऊन आली, हातात पिठलं-भाकरीचं झाकलेलं ताट. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "मालक कवा गेलं?"

आमच्याकडं माणूस गेलं की त्याच्या जागेवर असाच दिवा ठेवतात. त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारी जेवण आणतात. हे तर मागं अंघोळ करत होते!

मी तोंड उघडायच्या आत सुनेनं ताट घेतलं. "किती प्रेमळ माणसं! बघा आई, लगेच गुण आला." तेवढ्यात हे टॉवेल गुंडाळून बाहेर आले. बायका जागच्या जागी थिजल्या. सुनेनं ताट त्यांच्यापुढं ठेवलं. मी ताट ओढायला हात पुढं केला, पण उशीर झाला.

ह्यांनी घास घेतला. "पिठलं लई झ्याक झालंय," म्हणाले, "कुणाकडं काय हाय आज?"