पाचावर दहा मिनिटं

बाळकुमच्या बंदरावर धाकूमामांना कुणी भरतीची वेळ विचारली, की ते पाण्याकडे पाहत नसत. उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून भराभर फिरे, ओठ जरासे हलत आणि मग ते सांगत, "उद्या सव्वादोनला पानी पुरं." सव्वादोन म्हणजे सव्वादोन. रेतीच्या होड्या, मिठागरात खाडीचं पाणी घेणारे गडी, पलीकडे माहेरी निघालेल्या बाया, सगळ्यांचा दिवस या एका माणसाच्या बोटांवर चाले. कधी निघायचं, कधी पोचायचं, जेवण आधी की नंतर, सगळं त्यांना विचारून. मामांच्या घरात घड्याळ नव्हतं. सही म्हणून ते अंगठा उठवत.

मी त्या गावचा शाळामास्तर. साताऱ्याकडचा माणूस, अठ्ठेचाळीस साली बदली होऊन आलो तेव्हा खाडी म्हणजे काय हेसुद्धा मला माहीत नव्हतं. मामांनी मला त्यांच्या ओटीवरची खोली राहायला दिली. त्यांची बायको बायजाबाई रोज कालवणाची वाटी आणून देई, आणि मी मासे खात नाही हे कळल्यावर डाळीची देऊ लागली. त्यांचा थोराड मुलगा आनंदा चौथीतच अडला होता, त्याला मी सातवीपर्यंत ओढला. त्यामुळे त्या घरात माझ्या शब्दाला नको तेवढा मान होता. नको तेवढा, असं आता म्हणतो. तेव्हा मला तो कमीच वाटत होता.

मनगटावर घड्याळ बांधणारा गावात मी एकटा. ते दर रविवारी ठाण्याच्या स्टेशनात जाऊन लावून आणायचं हे माझं व्रत होतं. त्या काळात आमच्याकडे दोन वेळा नांदत होत्या, एक रेल्वेची आणि दुसरी जुनी मुंबईची, एकोणचाळीस मिनिटांनी मागची. पन्नास साली जुनी वेळ मोडीत निघाली, घड्याळं पुढे सरकली, तरी म्हातारी माणसं जुन्या वेळेनंच बोलत. मला त्याचा भारी राग यायचा. "नवी की जुनी?" असं मी प्रत्येकाला दरडावून विचारी आणि समोरचा गोंधळला की मनातून खूष होई.

बावन्न साली आनंदाचं लग्न ठरलं. मुलगी खाडीपलीकडची, भिवंडीच्या अंगाची. वऱ्हाड होडीनं जायचं होतं. मुहूर्त गोरज, सहा वाजून बावन्न मिनिटं. अडचण एकच होती. मुलीच्या गावाला जायचं तर खाडी सोडून एका अरुंद नाळेत शिरावं लागे, आणि त्या नाळेत भरलेली होडी चालायची तर भरती पुरी असायला हवी. पाणी उतरू लागलं की अर्ध्या तासात तिथे नुसता चिखल उरतो.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी कागद-पेन्सिल घेऊन मांडवात बसलो. मुहूर्तापासून मागे मागे येत सगळा दिवस मी कागदावर आखला. हळद किती वाजता, पंगत किती वाजता, बायकांनी नेसायला तास, सामान होडीत चढवायला अर्धा तास. राहिली भरती.

"मामा, उद्या पाणी पुरं कधी?"

अंगठा पेरांवरून फिरला. "पाचावर धा मिन्टं. चारला होरी सोरायची, म्हंजी पुऱ्या पान्यावर नाळंत शिरतो."

मी पेन्सिल खाली ठेवली. मांडवात वीसेक माणसं होती आणि मला तेवढी पुरेशी होती. "मामा, हे पाच जुन्या वेळेचे. तुमचा हिशेब वाडवडिलांचा. नव्या घड्याळात एकोणचाळीस मिनिटं मिळवायला हवीत. म्हणजे पावणेसहा झाले. होडी पावणेपाचला सोडायची. उगाच भर उन्हात बायकापोरांना कशाला बसवायचं?"

मामा म्हणाले, "मना वाटतं मास्तर, त्ये..."

"घड्याळं बदलून दोन वर्षं झाली," मी म्हणालो. "अजून किती दिवस जुन्यात राहायचं?"

कुणीतरी हसलं. मामा माझ्या मनगटाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हनता तं असंल."

मी कागदावर पावणेपाच लिहून खाली दोन रेघा ओढल्या.

दुसऱ्या दिवशी चार वाजता मामा एकटेच धक्क्यावर उभे होते. मी गेलो तर म्हणाले, "पानी बरंच चरलंय, मास्तर." मी त्यांच्यापुढे घड्याळ धरलं. त्यांना आकडे वाचता येत नव्हते हे मला ठाऊक होतं, तरी धरलं. "अजून पंचेचाळीस मिनिटं," मी म्हणालो. जन्मभर ज्या पाण्यात उभे राहिले त्या पाण्याकडे पाठ करून मामा मांडवात परतले आणि बायकांना म्हणाले, "सावकास होऊ द्या."

कागदाप्रमाणे बरोबर पावणेपाचला होडी सुटली. बायकांनी गाणी धरली. नवरदेव मुंडावळ्या सावरत बसला होता. नाळेच्या तोंडाशी आलो आणि होडीचा तळ मऊसा कशावर तरी घासला. मामांनी काठी पाण्यात खुपसली. काठी गुडघाभर भिजून वर आली. दोन्ही अंगांना तिवरांच्या मुळ्या दिसू लागल्या होत्या. होडी रुतली.

मामांचे धाकटे भाऊ गोपीनाथ माझ्या शेजारी होते. मी त्यांना हळूच विचारलं, "हा भरतीचा हिशेब करतात तरी कसा?"

"सोपा हाय. तिथीची पाऊनपट. आज षष्ठी. सहा पाऊनं सारेचार. सारेचारला पानी पुरं."

"मग मामा पाच दहा कसं म्हणाले?"

"घर्याळं पुरं सरकली तवापासून दादा चालीस मिन्टं वर घालूनच सांगतो. दोन-चार दिस स्टेसनचं घर्याळ इचारून इचारून पान्याशी ताडून बगितलं त्यानं." गोपीनाथ चिखलाकडे बघत म्हणाले, "आज कसा चुकला, द्येव जानं."

एकोणचाळीस मिनिटं मामांनी आधीच मिळवली होती. मी ती दुसऱ्यांदा मिळवली. जुन्या वेळेत अडकलेला माणूस म्हणून ज्याचं मी चारचौघांत हसं केलं, तो माणूस नवी वेळ कुणी न शिकवता शिकून मोकळा झाला होता. त्याला फक्त ते बोलून दाखवता आलं नव्हतं. आणि बोलायला लागला होता तेव्हा मीच त्याला तोडला होता.

वऱ्हाड चिखलातून चालत निघालं. आनंदाला दोघांनी खांद्यावर घेतलं. नवी लुगडी मांडीपर्यंत भरली, एका म्हातारीची पाटली चिखलात गेली, वाजंत्र्यांचा ढोल भिजला. मांडवाशी पोचलो तेव्हा साडेसात झाले होते. गोरज टळून गेला होता. भटजी अक्षता गुंडाळून बसले होते. आता सकाळचा मुहूर्त, असं त्यांनी जाहीर केलं.

मुलीचा बाप काळुराम तापट माणूस. दोन गावांच्या देखत तो मामांना म्हणाला, "तीन गावच्या होऱ्या तुज्या बोटांवर चालतात म्हनं. आनि सोताच्या पोराला येळेवर आनता आलं नाय?"

मामा तसेच उभे होते, कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर नवा फेटा. त्यांनी हात जोडले. "माजा हिशेब चुकला," ते म्हणाले. "मास्तरांनी मना सांगितलं व्हतं, जुनी येल धरू नको म्हनून. माज्याच डोक्यात कायतरी गोंधळ जाला असंल."

मला वाचवायला ते तसं बोलले असते, तर मी कधीतरी स्वतःला माफ केलं असतं. पण त्यांना खरंच तसं वाटत होतं. मनगटावरचं घड्याळ चुकीचं असेल हे त्यांच्या मनात आलंच नाही. मी तीन हातांवर उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं. मी रुमालानं घड्याळावरचा चिखल पुसला.

लग्न सकाळी लागलं. पोरगी गुणाची निघाली, आनंदा मोहनेच्या कारखान्यात लागला, कुणाचं काही अडलं नाही. फक्त मामांची बोटं थांबली. बंदरावर कुणी भरती विचारली की ते म्हणत, "मास्तरांना इचारा. त्यांच्याकरं घर्याळ हाय." आणि लोक खरंच माझ्याकडे येऊ लागले. मी कॅलेंडरात तिथी बघे, पाऊणपट करी, एकोणचाळीस मिळवी आणि मनगटाकडे बघितल्यासारखं करून वेळ सांगे. एकदाही चुकली नाही. गावात माझं नाव झालं. चोरीचा माल इतकी वर्षं इतक्या उजळ माथ्यानं कुणी विकला नसेल.

गेल्या वर्षी माझी डोंबिवलीला बदली झाली. निघायच्या दिवशी खरं सांगून टाकायचं असं मी ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं. मामा माझी ट्रंक उचलायला आले. आता ते थकले होते. ट्रंक टांग्यात ठेवून म्हणाले, "मास्तर, तुमी चालले. आता भरती कोनाला इचारायची?"

मी म्हणालो, "मामा, तुम्हाला येते की."

"नाय वो," ते म्हणाले. "माजा हिशेब चुकतो." मग जरा लाजत, एखादी वस्तू मागावी तसं त्यांनी विचारलं, "जाता जाता आजची तेवरी सांगून जा."

त्या दिवशी अष्टमी होती. आठ पाऊणे सहा. मी घड्याळ बघितलं आणि म्हणालो, "सहा एकोणचाळीस."

"बराबर असंल," मामा म्हणाले आणि होडी सोडायची वेळ मनाशी धरत बंदराकडे निघून गेले.